मधुमेहाचे भय आणि दुसरा बाण



आपल्या विहारात मंडळाने आरोग्य तपासणी शिबीर भरविले होते, तेव्हाची गोष्ट. दोन टेबले मांडली होती. एकावर रक्तदाब मोजत होते, दुसऱ्यावर बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहत होते. रक्तदाबाची रांग विहाराच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. साखरेच्या टेबलामागची परिचारिका मात्र हातमोजे घालून बराच वेळ नुसती बसून होती. नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. रांगेतल्या एका ज्येष्ठ उपासकांना मी म्हटले, "काका, साखर पण बघून घ्या, पैसे लागत नाहीत." ते म्हणाले, "नको बाबा. निघाली तर?"

त्या "निघाली तर?" वरच हा लेख आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. बी.ए.ला पाली हा एक विषय होता म्हणून सुत्ते थोडीफार वाचता येतात, आणि गेली काही वर्षे स्वतः मधुमेही आहे, एवढाच माझा अधिकार.

मधुमेह आता कुणाच्या घराला नवा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. परंतु लोकांना भय वाटते ते साखरेच्या आकड्याचे नव्हे. भय वाटते ते पुढच्या गोष्टींचे. डोळे जातील, किडनी निकामी होईल, पाय कापावा लागेल. वैद्यकीय भाषेत यांना मधुमेहाची गुंतागुंत म्हणतात. आपल्या वस्तीत यासाठी एकच वाक्य आहे, "त्याला साखरेनं खाल्लं."

आपल्या समाजात या भयाला आणखी एक पदर आहे. पूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता हे घरोघरी ठाऊक आहे. पाय दुखत, नजर मंदावत चालली होती, अखेरच्या दिवसांत आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. हे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे मनात नकळत एक हिशेब बसला आहे, की जिथे बाबासाहेबांचे काही चालले नाही तिथे आपली काय कथा? माझे वडील हे वाक्य शब्दशः बोलत.

या हिशेबात दोन चुका आहेत. पहिली, त्या काळात साधने काय होती ते आपण विसरतो. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा, म्हणजे इन्सुलिन होते. पण गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी नव्हती, घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते, डोळ्याच्या पडद्यावर करायचे लेझर उपचार नव्हते. आपल्या भयातली माहिती १९५६ सालची आहे आणि आपले औषध आजचे आहे. दुसरी चूक अधिक गंभीर. त्या आजारात बाबासाहेबांनी काय केले, ते आपण बाजूला ठेवतो. १९४८ साली प्रकृती ढासळलेली असताना संविधानाचा मसुदा त्यांच्या हातून पुरा होत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यानंतर नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत स्वतःच्या आजारपणाचा उल्लेख आहे आणि डॉ. मालवणकर व पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांच्या वैद्यकीय सेवेचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले आहे. ग्रंथाच्या १९५७ सालच्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना आली नाही, हा इतिहास वेगळा. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की त्यांनी आजार लपविला नाही, आणि उपचार करणाऱ्यांच्या हाती स्वतःला दिले.

आता माझ्या वडिलांविषयी. ते गोदी कामगार होते. १९९८ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चपलेचा खिळा लागला. लागला हे त्यांना कळलेच नाही, कारण पायाची संवेदना आधीच गेली होती. जखम दिसली तेव्हा त्यांनी कुणाला सांगितले नाही. पायमोजा चढवून कामावर जात. रात्री गरम पाण्यात पाय बुडवून बसत. त्याने भाजले, तेही कळले नाही. वास येऊ लागला तेव्हा आईने विचारले, आणि मग रुग्णालय. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी तेव्हा एफ.वाय.ला होतो. वॉर्डात मी त्यांना रागाने विचारले, "अण्णा, सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर कापतील म्हणून भ्यालो."

पाय कापण्याच्या भयाने पाय कापला गेला. पहिल्या आठवड्यात दाखविले असते तर कदाचित मलमपट्टी आणि औषधांवर निभावले असते, असे तिथले डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' वडील पुढे सहा वर्षे कुबड्यांबरोबर वागवीत होते.

हे सगळे पाहिलेला मी. २०१८ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, बँकेच्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १८६ निघाली. (उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, आणि फेरतपासणीतही तसेच, म्हणजे मधुमेह.) मी शहाण्यासारखे वागलो असे वाटत असेल तर तसे नाही. मी तो रिपोर्ट घडी घालून कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवला आणि अकरा महिने पुन्हा तपासणीच केली नाही. वडिलांवर रागावलेला मुलगा तेच करीत होता. शेवटी आईनेच तो कागद शोधून काढला. तिला वाचता येत नाही, पण प्रयोगशाळेचा कागद ओळखता येतो. "बाळा, कागद वाचल्याने साखर वाढत नाय," एवढेच ती म्हणाली.

संयुक्त निकायात सल्लसुत्त आहे. त्यात भगवंत बाणाचा दृष्टांत देतात. एखाद्याला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. तो शोक करतो, छाती पिटतो, तेव्हा त्याला जणू दुसरा बाण लागतो, आणि हा बाण मनाला लागतो. शिकलेला आर्यश्रावक पहिल्या बाणाची वेदना भोगतो, दुसऱ्याची नाही. हे सुत्त आपण वर्षावासात ऐकतो आणि बहुधा असा अर्थ घेतो की मन घट्ट करावे, भिऊ नये. मधुमेहाच्या बाबतीत हा अर्थ मला अपुरा वाटतो. येथे दुसरा बाण मनातच थांबत नाही. मन तपासणी टाळते, जखम लपविते, गोळी चुकविते. म्हणजे दुसरा बाण उलटून पहिल्याची जखम वाढवितो. माझ्या वडिलांचा पाय साखरेने अर्धा नेला, उरलेला भयाने.

मग भयाचे करायचे काय? याचे उत्तर मला मज्झिम निकायातील भयभेरवसुत्तात सापडले. जानुस्सोणी ब्राह्मणाला भगवंत स्वतःचा, संबोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. अरण्यात, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री, लोक ज्यांना भितात अशा स्थानी ते मुद्दाम जाऊन राहिले. हरीण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा हलविला, की वाटे, आले ते भय. त्यांनी निश्चय केला की ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत ते मोडायचे. चालताना आले तर चालतच राहायचे, उभे असताना आले तर उभ्यानेच, बसले असताना आले तर बसूनच. भय गेल्याशिवाय स्थिती बदलायची नाही. भय वाटलेच नाही असे तथागत म्हणत नाहीत. भय आल्यावर जागा सोडली नाही, असे म्हणतात.

आपल्यासाठी याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. रिपोर्टचे पाकीट हातात असताना भय आले तर ते पाकीट तिथेच उघडायचे. पायाकडे बघवत नसेल तर त्याच वेळी पाय दिव्याखाली घ्यायचा. डॉक्टरांच्या दाराशी पोटात गोळा आला तर परत फिरायचे नाही.

पाकीट उघडल्यावर काय दिसते, तेही पाहू. बोटाची साखर ही त्या क्षणाची खात्यातील शिल्लक समजा. एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी जेवण कमी करून आकडा खाली आणणारे पुष्कळ आहेत. मार्चअखेरीस ताळेबंद सजवावा तसा हा प्रकार. सरासरी मात्र खोटे बोलत नाही. पुष्कळशा मधुमेहींसाठी ती ७ टक्क्यांच्या खाली असावी असे ध्येय धरतात. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते कमी-जास्त ठरवितात. माझी पहिली ८.९ होती.

याचा उपयोग खरोखर होतो का? ब्रिटनमध्ये १९७७ पासून नव्याने निदान झालेल्या ५,१०२ मधुमेहींचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. एका गटाची सरासरी ७.९ होती, दुसऱ्याची नेटाच्या उपचारांनी ७ वर ठेवली. दुसऱ्या गटात डोळे आणि मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाबही काटेकोर ठेवला, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. ही आशेची भाषा नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. १९९८! त्याच वर्षी वडिलांचा पाय गेला. बातमी आमच्या चाळीपर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच.

डोळ्यांबाबत ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की पडद्याला इजा होऊ लागते तेव्हा दुखत नाही आणि दिसतेही स्वच्छ. म्हणून "मला तर पेपर वाचता येतो" हा पुरावा नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. माझ्या पडद्यावर सुरुवातीचे बारीक ठिपके निघाले. ज्याचे भय होते ते थोडे खरे ठरले म्हणायचे. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. पण डॉक्टरांनी सांगितले की यावर आज काही करावे लागत नाही, साखर आणि रक्तदाब सांभाळा आणि दर सहा महिन्यांनी दाखवा. पुढे गरज पडलीच तर लेझर आहे, डोळ्यातली इंजेक्शने आहेत. मूत्रपिंडाचेही असेच. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहिले की दुखण्याची चाहूल लवकर लागते.

पायाविषयी मात्र जरा विस्ताराने लिहितो, कारण तेथे आपल्याच हातात सर्वांत जास्त आहे. रोज रात्री टॉर्च आणि हातआरसा घेऊन तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर घरातल्यांनी पाहाव्यात. पाय बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक, गरम विटेचा शेक पूर्ण बंद. आंघोळीचे पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने बघावे. भोवरी ब्लेडने कापू नये. बूट-चप्पल घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा, खिळा नाहीतर खडा असतो. संवेदना कमी झाली असेल तर एम.सी.आर.ची मऊ चप्पल मिळते, ती दिसायला साधी असते म्हणून लाजू नये. नवीन चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरातही अनवाणी फिरू नये.

येथे एक अडचण येते. विहारात आपण चप्पल बाहेर काढतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहतो, ऊन असते, फरशी तापते. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी जाड, स्वच्छ पायमोजे घालून आत जावे, रांगेत शक्य तितका वेळ चप्पल पायात ठेवावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर पाय तपासावेत. यात वंदनेचा कोणताही अनादर होत नाही. आपल्या विहाराच्या दाराशी धुतलेल्या पायमोज्यांची एक टोपली ठेवावी, अशी सूचना मी समितीला केली आहे.

काहीजण म्हणतात, हे मागच्या जन्मीचे भोग, भोगूनच संपायचे. बौद्धाच्या तोंडी हे शोभत नाही. संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना नेमके हेच विचारले आहे. माणसाला जे सुख-दुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे आहेत, त्यांचे काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी वेगवेगळी कारणे गणून सांगितली आणि सरसकट पूर्वकर्माला दोष देणे चूक ठरविले. आणि याची दुसरी बाजूही आहे. सगळी पथ्ये पाळूनही एखाद्याला गुंतागुंत होते. "त्यानेच खाल्लं असेल गोड" असे बोलून त्याला आपण तिसरा बाण मारू नये.

आता रात्रीच्या भयाविषयी. निदानानंतर कित्येक महिने मला पहाटे तीनला जाग येई. वाटे की मी पायाला भितो आहे. एका रात्री पत्नीनेही जागे होऊन विचारले, "नक्की कशाला घाबरता?" बोलता बोलता निघाले ते असे, की पाय गेला तर नोकरीचे काय, घराचे हप्ते कोण भरील, मुलीचे शिक्षण, आईचे कोण बघेल.

अंगुत्तर निकायात नकुलपित्याच्या आजारपणाची कथा आहे. तो मरणोन्मुख पडला असता पत्नी नकुलमाता त्याच्याजवळ बसून त्याच्या मनातली एक-एक काळजी स्वतःच नाव घेऊन काढते. मुलांचे कसे होईल असे वाटत असेल तर तसे नाही, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. अशाच एकामागून एक सगळ्या शंका ती उत्तर देऊन खाली ठेवते. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला. पुढे तो काठी टेकत भगवंतांकडे आला, तेव्हा अशी सहचारिणी लाभली हे तुझे भाग्य, अशा अर्थाने भगवंतांनी तिचा गौरव केला. "घाबरू नका" एवढेच नकुलमाता म्हणत नाही, ती हिशेब देते. आम्हीही दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर पासबुके, विम्याचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, नामनिर्देशन, सगळे काढून बसलो. दोन ठिकाणी वारस म्हणून अजून वडिलांचेच नाव होते! ते बदलले. पत्नीने शिवणकामाचे उत्पन्न वहीत दाखविले, ते माझ्या अंदाजापेक्षा बरेच निघाले. त्यानंतर पहाटेची जाग एकदम गेली असे नाही, पण कमी झाली. ज्यांची कमी होत नाही, जेवण-झोप उडते, मन कशातच लागत नाही, त्यांनी हेही डॉक्टरांना सांगावे. मधुमेहामुळे मनावर येणारा ताण मोजण्यासाठी १९९५ साली अमेरिकेत २० प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली, ती आजही वापरतात. म्हणजे हे भय मनाचा दुबळेपणा नसून दुखण्याचाच भाग आहे, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढचे तुमच्यासाठी. विनयपिटकाच्या महावग्गात, भगवंतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली त्या प्रसंगानंतर, कोणत्या रुग्णाची सेवा करणे अवघड असते ते सांगितले आहे. जो हितकर ते करीत नाही, हितकर गोष्टीचेही प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, दुखणे वाढले की कमी झाले ते सेवा करणाऱ्याला खरे सांगत नाही, आणि वेदना सोसत नाही. चौथ्या दोषावर माझे वडील अडले, मीही अडलो. पण घरातला रुग्ण खरे का सांगत नाही, हेही पाहा. सांगितले की ओरडा बसतो म्हणून. "बघ, खा अजून भात, मग पाय कापतील" असे आजीला म्हणू नका. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो तिच्यापुढे मराठीत वाचून दाखवा. रविवारी वंदनेहून आल्यावर तिचे तळवे तुम्हीच पाहा. हातपाय थरथरून घाम आला, साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, हे पाठ असू द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना.

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला, ती दोणपाकसुत्तातील गोष्ट तुम्हाला आवडेल. मात्रा जाणून जेवणाऱ्याला काय लाभते, हे सांगणारी गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुण विद्यार्थ्याला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणत जा, असे सांगितले. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला. या कामाचे सुदस्सनाला रोज शंभर कार्षापण मिळत. आमच्या घरी हे काम मुलगी फुकट करते, आणि गाथेऐवजी नुसती डोळे मोठे करते. माझी सरासरी गेल्या वेळी ७.१ होती.

या वर्षीच्या शिबिरात साखरेचे टेबल विहाराच्या दाराशीच मांडायचे ठरले आहे. बोटाच्या तपासणीत साखर जास्त निघाली तरी तेवढ्यावर मधुमेह ठरत नाही, प्रयोगशाळेची तपासणी करावी लागते. तिची चिठ्ठी तिथेच मिळेल आणि बरोबर जायला कोणी नसेल त्याच्यासोबत मंडळाचा एक कार्यकर्ता जाईल. जुने रिपोर्ट असतील तर घेऊन यावे, कपाटात विम्याच्या कागदांखाली असले तरी. नावनोंदणीच्या वहीत पहिले नाव माझे आहे. दुसऱ्या ओळीसाठी मी त्या काकांना विचारून आलो आहे. ते म्हणाले, "बघू."